चावी द्यायचं काम

शाळेच्या मेळाव्याच्या स्मरणिका समितीतल्या मित्राचा फोन आला तेव्हा मी भट्टीवर होतो. त्यानं आधी जाहिरातीचं पान मागितलं आणि मग म्हणाला, "एक मनोगतही लिही, तू सरांचा लाडका होतास." जाहिरात दिली आहे, मागच्या कव्हरवर बघा. लाडका मात्र मी नव्हतो. मला शिक्षा झालेली होती.

गायनाच्या सरांबद्दल लिहितोय, हे १९८१ च्या बॅचला वेगळं सांगायला नको. बाकी गुरुजनांवर इतर लिहितीलच. सायन्सच्या बाईंनी मला काठावर पास केलं, हे उपकार मी विसरलेलो नाही.

नववी 'क', शनिवारची सकाळची शाळा, ऑफ तास. सरांनी चावीचा फोनो टेबलावर ठेवला आणि शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांची तबकडी लावली. आम्ही तालमीत जाणारी पोरं. आम्हाला दंगल कळायची, नाहीतर पिक्चरची गाणी. बाईंनी तान घेतली आणि मी मागच्या बाकावरून बकरी काढली. आणखी दोघांनी साथ दिली. वर्ग फुटला.

सर ओरडले नाहीत. तीन-सव्वातीन मिनिटांची ती तबकडी त्यांनी संपू दिली, पिन उचलली आणि विचारलं, "ही बाई आत्ता कुठं आहे, ठाऊक आहे?" मग त्यांनी व्हॉयेजरचं सांगितलं. १९७७ साली अमेरिकेनं दोन यानं सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी. तिच्यात ५५ भाषांतले नमस्कार, त्यांत आपली मराठीही. आणि जगभरच्या संगीतात भारताची म्हणून केसरबाईंची भैरवी. दुसरं यान ५ सप्टेंबरला सुटलं आणि अकरा दिवसांनी बाई गेल्या.

"पर तितं कुणाला कळणार ओ सर?" मी विचारलं.

"तुला तरी कुठं कळलं रे? तरी वाजवलीच की मी."

वर्ग पुन्हा हसला, या वेळी मला. आणि शिक्षा झाली ती अशी, की वर्षभर फोनोला चावी मी द्यायची. चावी कमी पडली की बाईंचा आवाज ओघळत ओघळत रेड्यासारखा व्हायचा. सर डोळे न उघडताच म्हणायचे, "दे."

सरांचं एक म्हणणं कायम असायचं. ज्या शाहू महाराजांनी हजारोंनी माणूस बसेल असं कुस्तीचं खासबाग मैदान बांधलं, त्यांनीच अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून कोल्हापुरात ठेवून घेतलं. केसरबाई त्याच खाँसाहेबांच्या शिष्या. खाँसाहेबांचे अनवट, म्हणजे क्वचितच गायले जाणारे, राग गावात कितीजणांना कळतात, याची शिरगणती महाराजांनी केली नाही. कुस्ती सगळ्या गावाला कळते म्हणून मोठी आणि अनवट राग चौघांना कळतो म्हणून लहान, असं मोजणाऱ्याला सर 'तराजूवाला' म्हणायचे. हे मी घरी सांगितलं, तर वडील म्हणाले, "चौघांच्या गाण्याला दरबारचा पगार? पैसे कुणाचे ते?" हे सरांना विचारायचा धीर झाला नाही. उत्तर मला अजून सापडलेलं नाही, पण मी सरांच्या बाजूचा आहे.

आज शिरोली एमआयडीसीत माझी फौंड्री आहे, सव्वाशे माणसं कामाला आहेत. सांगायला संकोच वाटतो, पण गेल्या वर्षी गिऱ्हाइकाकडून एकही लॉट परत आला नाही. कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, टांगून त्यावर हातोडी मारली की नाद घुमला पाहिजे. 'बद्द' वाजलं की आत तडा आहे समजायचं. नवीन पोरं तपासायला मशीनच मागतात, तेही आणलंय. तरी जाता-येता मी हातोडी मारतोच. कान कुठं तयार झाला, हे कामगारांना सांगत नाही, हसतील. राग मात्र आजही ओळखता येत नाही. भैरवी वाटते, पण छातीठोक सांगणार नाही.

गायनाची खोली आता संगणकांची झाली आहे. तासही बंद झाला म्हणे. पोरांना नोकऱ्या लागायला हव्यात, हे मान्य आहे. पण आठवड्यातून एक तास? ज्या केशवराव भोसले नाट्यगृहात आपलं गॅदरिंग व्हायचं, ते ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळताना मी खासबागेच्या बाजूला उभा होतो. शेजारी एक म्हातारा नुसता "आरं आरं" करत होता. तिथं म्हणे सरांनी एकदा मध्यंतरानंतर रिकाम्या खुर्च्यांसमोर अर्धा तास गायलं होतं. आम्ही तेव्हा बाहेर भडंग खात होतो.

सर गेल्यावर त्यांच्या मुलीनं फोनो माझ्याकडे दिला. केबिनमध्ये असतो, स्प्रिंग नवी बसवून घेतली आहे. मेळाव्याच्या पत्रिकेत संध्याकाळी ऑर्केस्ट्रा छापलाय. त्याच्या आधी तीन-चार मिनिटं मिळाली तर बघा. फोनो मी आणतो, चावी मीच देईन. बकरी काढणारे बाकीचे दोघेही येतायत, त्यांना पुढच्या रांगेत बसवा.