रॅम ८ जीबी, दिसते ४ जीबी

पंचवटीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्ड आणि सिंहस्थ जवळ आल्यापासून वाढलेलं फ्लेक्सचं काम. पत्रिका करताना कॉम्प्युटरने कधी त्रास दिला नाही, फ्लेक्सला मात्र अडायला लागला. २० बाय १० फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला (इंचाला ७२ ठिपके) घेतला तरी १७,२८० बाय ८,६४० पिक्सेल होतात. सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, दर पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे पूर्ण आकाराचा एकच लेअर जवळपास ६० कोटी बाइट खातो. असे चार लेअर झाले की मशीन गपगार.

म्हणून ४ जीबीच्या जोडीला आणखी एक ४ जीबीची डीडीआर३ रॅम आणून बसवली. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडून बघते तर आकडा जुनाच: ४ जीबी, त्यातली वापरता येणारी ३.१६ जीबी. रॅम दिली त्या दुकानात विचारलं, तर “ताई, तुमच्या बोर्डाला आठ चालत नाही, बोर्डच बदला.” माझा मदरबोर्ड एच६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप). ती चिपसेट १६ जीबीपर्यंत घेते हे मला घरी आल्यावर शोधून कळलं. नाहीतर सात-आठ हजार रुपये विनाकारण गेले असते. त्याचा राग अजून आहे.

रविवारी भाचा आला. त्याने स्क्रीनवर थोडं खाली बोट ठेवलं. “आत्या, हे वाच. ३२ बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर. तुझा प्रोसेसर ६४ बिटचा आहे, विंडोज ३२ चं.” मशीन घेताना त्यात ३२ बिटचं विंडोज ७ होतं, त्यावरच पुढे विंडोज १० चढवलं, म्हणून तेही ३२ बिटचंच राहिलं. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ एवढेच मेमरीचे पत्ते मांडता येतात, दर पत्त्याला एक बाइट, म्हणजे बरोबर ४ जीबी. त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्स आणि बाकीच्या उपकरणांना द्यावे लागतात. माझी ०.८४ जीबी तिथे अडकली होती.

मधे एका ओळखीच्यांच्या सांगण्यावरून मी एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज सुरू होण्याच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन ‘मॅक्झिमम मेमरी’वर टिक केली होती. भाच्याने ती आधी काढायला लावली. ती खूण रॅम वाढवण्यासाठी नाहीच, मुद्दाम कमी वापरायला लावण्यासाठी आहे. ती रिकामीच असू द्यावी.

३२ वरून ६४ वर थेट उडी मारता येत नाही, सी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकावं लागतं. त्याआधी पंधरा वर्षांच्या पत्रिकांच्या फाइली आणि फॉन्ट बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतले, दोनदा तपासले. लायसन्स त्याच एडिशनला चाललं, पैसे पडले नाहीत. खरी धास्ती मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरची होती. ३२ बिटचे प्रोग्राम ६४ बिटच्या विंडोजवर चालतात, पण उपकरण चालवणारा ड्रायव्हर मात्र ६४ बिटचाच लागतो, आणि ते सॉफ्टवेअर डाँगलवर, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर चालतं. डाँगलचा ड्रायव्हर मिळाला. स्कॅनरचा मिळाला नाही.

एवढं करून पुन्हा ‘अबाउट’ उघडलं. ४ जीबी, वापरता येणारी ३.८९. मला रडू यायचंच बाकी होतं.

भाच्याने टास्क मॅनेजरमधलं मेमरीचं पान उघडलं. तिथे लिहिलेलं: स्लॉट २ पैकी १ वापरात. विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बायोसमध्येही ४०९६ एमबीच, म्हणजे ४ जीबी. म्हणजे दोष विंडोजच्याही खाली होता, आणि पहिल्या दिवसापासून होता. दोन बिघाड एकमेकांच्या आड लपले होते. मग मशीन बंद करून, वायर काढून, एकेक रॅम एकेका स्लॉटमध्ये लावून पाहिली. पहिल्या स्लॉटमध्ये दोन्ही चालल्या, दुसऱ्यात एकही नाही. खोडरबरने रॅमचे सोनेरी काठ पुसले, ब्रशने स्लॉट झाडला. फरक शून्य.

शेवटी कॅनडा कॉर्नरजवळ एका रिपेअरवाल्या दादांकडे मशीन नेलं. त्यांचा पहिला प्रश्न, “प्रोसेसर कुणी काढला होता का?” दोन महिन्यांपूर्वी दुसरीकडे प्रोसेसर आणि पंख्यामधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलून घेतली होती. त्यांनी पंखा उतरवून प्रोसेसर उलटा केला, भिंगातून मला दाखवला. खालच्या बाजूला एका कोपऱ्यात राखाडी पेस्टचा पुसटसा डाग होता. या पिढीत मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच असतो, त्यामुळे रॅमच्या तारा सॉकेटच्या ११५५ पिनांमधूनच जातात. त्यातल्या मोजक्या पिना झाकल्या, तरी एक अख्खा स्लॉट मुका होतो. त्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने डाग पुसला, सॉकेट तपासलं, प्रोसेसर परत बसवला आणि पंख्याच्या चारही खुंट्या सारख्या दाबल्या. घेतले ३०० रुपये.

८ जीबी. वापरता येणारी ७.८९, उरलेली प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सने राखून ठेवलेली. तिथेच काउंटरवर मी पेन ड्राइव्हमधला अडकलेला फ्लेक्स उघडून पाहिला. स्कॅनर आता घरच्या जुन्या लॅपटॉपला जोडलाय, त्यात ३२ बिटचं विंडोज अजून आहे.