ईसीएचएस कार्ड: अडतं कुठे?

आजचा अख्खा दिवस माजी सैनिकांच्या कुटुंबांचे ईसीएचएसचे (माजी सैनिक आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांसाठीची सरकारी आरोग्य योजना) अर्ज बघण्यात गेला. गाडी अडते ती नावावर. डिस्चार्ज बुकात (लष्करातून निवृत्त होताना मिळणारं नोंदपुस्तक) पत्नी ‘सुनिताबाई’, आधारवर ‘सुनीता’, वर जन्मतारीखही वेगळी. नोंद लष्कराकडे चुकली असेल तर आधी रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्ती, मगच अर्ज. घाई केली की अर्ज परत येतो.

मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत पात्र. त्याआधी कमावता झाला किंवा लग्न झालं, तर तिथेच संपलं. मुलीला वयाची अट नाही, पण नोकरी लागली किंवा लग्न झालं की तिचंही नाव निघतं. (हे कळवायला लोक हमखास विसरतात.) कायमचं अपंगत्व असलेल्या अपत्याला वयोमर्यादा नाही.

उपचारांसाठी एरवी आधी पॉलिक्लिनिकचं (ईसीएचएसचा स्वतःचा दवाखाना) रेफरल, मग पॅनेलवरचं, म्हणजे योजनेशी करार असलेलं हॉस्पिटल. जीवावरचं दुखणं असेल तर मात्र जवळ असेल तिथे भरती करा. हॉस्पिटल पॅनेलवर नसेल, तर ४८ तासांत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवा. बिल आधी खिशातून भरावं लागतं आणि परतावा मिळतो सरकारी मंजूर दराने, त्यामुळे फरक सोसावा लागतो. मूळ बिलं, डिस्चार्ज समरी आणि ‘इमर्जन्सी होती’ असं डॉक्टरांचं लेखी प्रमाणपत्र घरी निघण्यापूर्वीच हातात घ्या.