लोकरीचं प्रकाशसंश्लेषण

हायड्रिला कमी पडली, एवढंच निमित्त झालं.

अकरावीची वीस जणांची बॅच, पाच टेबलं, मार्चमधली सकाळची अकराची वेळ. बादलीतली हायड्रिला रामटेककडच्या एका बोडीतून, म्हणजे लहानशा तळ्यातून, आणलेली. तिला सगळे शेवाळच म्हणतात. पण मूळ, खोड, पानं आणि बारीक फुलंसुद्धा येणारी ही पाण्यातली सपुष्प वनस्पती आहे. ती चार टेबलांना पुरली, पाचव्याला नाही.

प्रयोग प्रकाशसंश्लेषणाचा: उजेड वाढला की हायड्रिला जास्त ऑक्सिजन सोडते, हे बुडबुडे मोजून दाखवायचं. मांडणी सगळ्यांच्या ओळखीची. पाचशे मिलीच्या बीकरमध्ये आठ-दहा सेंटिमीटरच्या पाच-सहा फांद्या, कापलेली टोकं वर. काप पाण्याखालीच घ्यायचा, कोरड्यात कापलं तर टोकाशी हवा अडकते. वरून फनेल पालथं, त्याच्या कडेखाली काचेचे दोन-तीन तुकडे, म्हणजे आत-बाहेर पाणी फिरतं. फनेलच्या नळीवर पाण्याने काठोकाठ भरलेली टेस्ट ट्यूब उलटी. मग शंभर वॅटचा बल्ब 40, 30, 20 आणि 10 सेंटिमीटरवर. प्रत्येक अंतरावर पाच मिनिटं थांबायचं, मिनिटभर बुडबुडे मोजायचे, तीनदा मोजून सरासरी काढायची.

तासाच्या शेवटी पाचव्या टेबलाचं रीडिंग सगळ्यांत देखणं निघालं. 40 सेंटिमीटरला 2, मग 4, मग 9 आणि 10 सेंटिमीटरला 15. पुस्तकात छापावा असा आलेख. वाकून बीकरमध्ये पाहिलं तर फनेलखाली हिरव्या लोकरीचा गुंता.

“हे काय आहे?”

“सर, हायड्रिला संपली होती जी. जर्नल कोरं राहील म्हणून…”

“आणि आकडे?”

“आकडे खरेच मोजले सर. बुडबुडे खरंच येऊन राहिले. काहून, तेच तं समजून नाही राहिलं.”

रागवायचं तोंडाशी आलं होतं, पण पोराचं म्हणणं बरोबर होतं. लोकरीच्या धाग्यांवर बुडबुडे होते, सुटत होते आणि बल्ब जवळ नेला की वाढत होते. आकडे खोटे नव्हते. त्यांचा आम्ही लावत आलेला अर्थ लंगडा होता. वनस्पती नसलेला बीकर या प्रयोगात आमच्याकडे कधी मांडलाच जात नव्हता. निष्कर्ष जर्नलमध्ये आधीच छापलेला असतो, मग कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठीच्या अशा बीकरची, आठवण कोणाला राहणार?

मुलांसमोर दोन शक्यता ठेवल्या. एक, लोकरीच्या धाग्यांत अडकलेली हवा बाहेर येते. दोन, पाण्यातच विरघळलेली हवा पाणी तापल्यावर बाहेर पडते. दुसरीला पुरावा हाताशी होता. बीकरमधलं पाणी थेट वॉटर कूलरचं, भरताना 15 अंश. बल्बजवळ ते 31 वर गेलेलं. 15 अंशाला लिटरभर पाण्यात साधारण 10 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला साडेसात. नायट्रोजनचंही तसंच. जास्तीची हवा जिथे खरखरीत पृष्ठभाग मिळेल तिथे बुडबुडा धरते, मग ती लोकर असो की पान. शिवाय आम्ही बल्ब लांबून जवळ आणत होतो, म्हणजे प्रत्येक पायरीला उजेडाबरोबर उष्णताही वाढत होती.

पण पुरावा जुळतो म्हणजे पहिली शक्यता खोटी ठरत नाही. म्हणून लोकर दहा मिनिटं पाण्यात खळखळून उकळली, त्याच पाण्याखाली पिळली आणि हवा लागू न देता कूलरच्या ताज्या पाण्यात ठेवली. बुडबुडे पुन्हा आले. अडकलेल्या हवेची शक्यता तिथे बाद झाली.

आता उलट बाजू. पाणी वीस मिनिटं उकळून, फ्लास्क काठोकाठ भरून, बूच लावून थंड पाण्याच्या टबमध्ये ठेवलं. नागपूरच्या मार्चात ते 32 अंशावर यायला चाळीस मिनिटं गेली. लॅबमधल्या मदतनीस भाऊंनी दोनदा टबचं पाणी बदललं. हे पाणी बीकरमध्ये काचकांडीच्या आधाराने हळूच ओतायचं. धबधबा केला की हवा परत मिसळते आणि केलेलं सगळं पाण्यात. दोन बीकर भरले, एकात लोकर, दुसऱ्यात ताजी हायड्रिला, दोन्ही बल्बपासून सारख्याच अंतरावर.

लोकरीवर काही नाही. आणि हायड्रिलावरही काही नाही.

वर्गात एकच गलका. “सर, म्हणजे हायड्रिलाचेही बुडबुडे नुसती हवाच!” थोडा वेळ मीही गप्प बसलो, कारण या मुलांना मोठी सोबत होती. स्वित्झर्लंडच्या शार्ल बोने यांनी 1754 मध्ये पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे पाहिले होते; उकळलेल्या पाण्यात ते दिसेनात, तेव्हा हवा पाण्यातलीच, पानाची नव्हे, असं त्यांनी ठरवलं. पंचवीस वर्षांनी, 1779 मध्ये, यान इंगेनहाऊस यांनी दाखवलं की हिरवे भाग हा वायू उजेडातच सोडतात. त्यांच्यानंतर तीनेक वर्षांत ज्याँ सेनेबिए यांनी त्यासाठी पाण्यात कार्बन डायऑक्साइड लागतो हे पुढे आणलं.

बोने यांची अडचण तीच आमची. उकळल्याने पाण्यातून एक नव्हे, दोन गोष्टी जातात. विरघळलेली हवा जाते आणि कार्बन डायऑक्साइडही जातो. बोअरचं पाणी उकळलं की पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो ना, तो कॅल्शियम कार्बोनेट. बायकार्बोनेट मोडून कार्बन डायऑक्साइड उडून गेल्याची ती खूण. हायड्रिलाचा कच्चा मालच आम्ही काढून घेतला होता. कूलरमध्ये तर आरओचं पाणी, त्यात बायकार्बोनेट आधीच जेमतेम. म्हणजे इतर टेबलांवरच्या हायड्रिलांनीही सकाळी बहुतेक लोकरीचंच काम केलं असणार.

म्हणून दोन्ही बीकरमध्ये खाण्याचा सोडा, म्हणजे बायकार्बोनेटच, घातला, पाचशे मिलीला अडीच ग्रॅम, आणि न घुसळता हलक्या हाताने विरघळवला. इथे नेहमी दोन चुका होतात. धुण्याचा सोडा घातला जातो. त्याने पाणी फार अल्कधर्मी होतं आणि वनस्पतीला उचलता येईल असा कार्बन त्यात उरत नाही. किंवा 0.5 टक्क्याऐवजी 5 टक्के केलं जातं, मग पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जाऊन फांदीच मलूल होते.

दहा मिनिटं काहीच दिसेना. मुलं घड्याळ बघायला लागली. हेही अपेक्षित होतं: उकळलेलं पाणी हवेसाठी भुकेलं असतं, सुरुवातीचा ऑक्सिजन ते गिळतं. अकराव्या मिनिटाला एका कापलेल्या टोकातून टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा निघाला आणि वर पोचायच्या आधीच विरला. मग दुसरा. थोड्या वेळाने एकसारख्या आकाराची माळच लागली. लोकर ढिम्म. बल्ब बंद करून बीकरवर काळं कापड टाकलं, तर माळ विरळ होत चार मिनिटांत थांबली; कापड काढून बल्ब लावला की पुन्हा सुरू.

माळ कुठून निघते ते बघणं आकड्याइतकंच महत्त्वाचं. तापलेल्या पाण्यातली हवा पानांवर, काचेवर, कुठेही लहानमोठे बुडबुडे धरते. खोडाच्या आतल्या पोकळ्यांतून येणारा वायू मात्र कापलेल्या टोकातून, एका लयीत सुटतो. म्हणून फनेलमधलं सगळं मोजायचं नाही, एकच टोक धरायचं.

साठलेला वायू ऑक्सिजनच आहे का हे बघायची उदबत्तीची चाचणी त्या दिवशी केलीच नाही. ट्यूबमध्ये निदान दोन-तीन सेंटिमीटर वायू साठल्याशिवाय निखारा भडकत नाही, आणि त्यात पाण्यातला नायट्रोजन मिसळलेलाच असतो. घाईने केली की ती फसते आणि मुलं “भडकली” असं लिहून मोकळी होतात.

पुढच्या बॅचपासून कूलरचं पाणी बंद केलं. आता आदल्या संध्याकाळी बादली भरून उघडी ठेवतो, सकाळी ढवळतो, मग सोडा. बल्ब आणि बीकरच्या मध्ये पाण्याने भरलेली काचेची सपाट पेटी, उष्णता अडवायला. अंतराचा क्रम चिठ्ठ्या टाकून. आणि प्रत्येक टेबलावर लोकरीचा एक बीकर.

पाचव्या टेबलाच्या मुलांनी जर्नलचं ते पान फाडून नवीन लिहू का, असं विचारलं होतं. तसंच ठेवायला सांगितलं. वनस्पतीच्या नावासमोर त्यांनी ‘हायड्रिला’ खोडून ‘हिरवी लोकर, एक गुंता’ असं लिहिलं आणि पाण्याच्या तापमानाचा नवा रकाना हाताने आखून आणला.