एकाच शाईचे सात चेक

अमेरिकेत उमेदवाराला पैसे गोळा करून देणारे ढीगभर भेटतात. ते पैसे कायद्यात बसवून लिहून ठेवणारं माणूस मात्र शोधावं लागतं. शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत मी अकाउंट्सची कामं करते. गिऱ्हाइकं बहुतेक छोटी: किराणा दुकानं, दोन-तीन दवाखाने, एक गॅरेज. निवडणुका आल्या की एखाद्या उमेदवाराच्या समितीचं देणग्यांचं खातंही हातात येतं. पक्ष बघून मी काम घेत नाही. दोन्हीकडची केली आहेत.

२०१० च्या शरद ऋतूत प्रतिनिधिगृहासाठी उभ्या असलेल्या एका रिपब्लिकन उमेदवाराचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा वॉशिंग्टनमध्ये ओबामा आणि काँग्रेसची, म्हणजे इथल्या संसदेची, दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांची. इलिनॉयचा गव्हर्नरही त्यांचा, विधिमंडळही त्यांचंच. रिपब्लिकन पक्ष वरपासून खालपर्यंत विरोधात बसलेला, आणि कार्यकर्ते नुसते पेटलेले. ३० सप्टेंबरला तिमाही संपते आणि १५ ऑक्टोबरपर्यंत निवडणूक आयोगाकडे हिशेब जातो. त्यातला जमेचा आकडा पत्रकारही बघतात, मोठे देणगीदारही बघतात. म्हणून निधीचं मोठं जेवण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ठेवलं होतं. ताट २५० डॉलर. जरा पुढचं टेबल हवं असेल तर माणशी २,४००, म्हणजे एका माणसाला त्या निवडणुकीत देता येणारी कमाल रक्कम.

माझी जागा हॉलच्या दाराशी. लॅपटॉप, कार्डांचा गठ्ठा आणि कुलपाची पेटी. बाहेरच्यांना वाटतं तिकीट फाडून द्यायचं काम असेल. पण कायद्याच्या लेखी इथे तिकीट नसतंच, सगळी देणगीच. ताटातल्या जेवणाची किंमत त्यातून वजा होत नाही. देणगी २०० डॉलरच्या वर गेली की नाव, पत्ता, व्यवसाय आणि कुठे नोकरी हे सगळं नोंदवावं लागतं, आणि ते जगजाहीर होतं. रोख १०० डॉलरच्या वर घ्यायची नाही. कंपनीचा चेक घ्यायचा नाही. परदेशी नागरिकाकडून काही घ्यायचं नाही. ग्रीन कार्ड असेल तर चालतं.

माझे गिऱ्हाईक असलेले किराणा दुकानवाले काका त्या दिवशी हौसेने आले होते, कोट घालून. मूळचे कोल्हापूरकडचे. त्यांनी दुकानाचा चेक पुढे केला.

"काका, हा नाही चालायचा. तुमचा स्वतःचा द्या."

"अहो ताई, दुकान माझंच आहे की! बायकोचं आणि माझं."

"दुकान तुमचं आहे, पण कागदावर ती कंपनी आहे. कंपनीचा पैसा उमेदवाराला देता येत नाही."

काका कुरकुरले नाहीत. गाडी काढून घरी गेले, चेकबुक घेऊन आले आणि सूप संपता संपता आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

भाषणाला दुसऱ्या राज्यातले एक काँग्रेस सदस्य आले होते. दार उघडं असल्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. इलिनॉयमधल्या अशा जेवणात माजी रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगन यांचं नाव आल्याशिवाय राहत नाही. त्यांचा जन्म इथल्या टँपिकोचा, बालपण डिक्सनचं. २० जानेवारी १९८१ च्या शपथविधीतलं त्यांचं वाक्य वक्त्याने सुरुवातीलाच घेतलं: सरकार हा आपल्या प्रश्नावरचा तोडगा नाही, सरकार हाच प्रश्न आहे. टाळ्या. मूळ वाक्याच्या आधी 'सध्याच्या या संकटात' असे शब्द आहेत. ते बहुतेक जण गाळतात, यांनीही गाळले. मला ते शब्द महत्त्वाचे वाटतात. पुढे ओबामांच्या ७८७ अब्ज डॉलरच्या स्टिम्युलसवर, म्हणजे मंदीवरच्या मदत योजनेवर, झोड उठवली. बँका वाचवायला ७०० अब्जांची तरतूद ऑक्टोबर २००८ मध्ये बुश यांच्या सहीने झाली होती, त्यावर चकार शब्द नाही. सरकार छाटा म्हटलं की टाळ्या पडत होत्या आणि म्हाताऱ्यांच्या मेडिकेअरला, म्हणजे सरकारी आरोग्यविम्याला, हात लावाल तर खबरदार म्हटलं की त्याहून मोठ्या. एवढ्या मोठ्या खर्चाला हात न लावता सरकार लहान कसं होणार, हे त्या संध्याकाळी कुणी सांगितलं नाही.

पण मग त्यांनी एक मुद्दा काढला आणि मी टायपिंग थांबवून ऐकू लागले. मार्चमध्ये झालेल्या आरोग्य कायद्यात एक कलम टाकलं होतं. तोवरचा नियम असा: एखाद्या सुट्या कारागिराला किंवा सल्लागाराला धंद्यातून वर्षाला ६०० डॉलर किंवा जास्त दिले, तर त्याचा १०९९ नावाचा फॉर्म भरून एक प्रत त्याला आणि एक कर खात्याला. नव्या कलमाने २०१२ पासून मालाची खरेदीही त्यात येणार होती आणि समोरची कंपनी असली तरी सुटका नव्हती. दडवलेलं उत्पन्न सापडेल आणि दहा वर्षांत सतरा अब्ज डॉलर येतील, असा सरकारचा हिशेब.

तो वॉशिंग्टनमध्ये मांडलेला हिशेब होता. भरायचा होता काकांच्या दुकानाने. तांदूळवाला, मसालेवाला, दूध-दह्याचा घाऊक व्यापारी, फरसाण पुरवणारा, डिलिव्हरी व्हॅनचं पेट्रोल, फोन कंपनी, टिशू पेपर. प्रत्येकाकडून कर क्रमांक मागायचा, वर्षभराची खरेदी जुळवायची, फॉर्म पाठवायचा. काकांचे दोन-तीन फॉर्म असायचे. नव्या नियमाने किती होतील ते मी उन्हाळ्यात मोजलं होतं, सत्तरच्या वर जात होते. मोठ्या स्टोअरला यासाठी संगणक विभाग असतो. काकांना मी होते, आणि माझी फी त्यांना परवडायला हवी. वक्ता इथे शंभर टक्के खरं बोलत होता. सरकारचा हात कुठवर पोचावा हा प्रश्न अशा दुकानात उभं राहून विचारला तरच त्याला वजन येतं.

मला हा विषय पुस्तकातून कळलेला नाही. मी लहान असताना वडिलांनी सांगलीला घर बांधायला काढलं, तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं. जोत्यापर्यंत आलेलं बांधकाम पोत्यांसाठी अडून राहिलं होतं. वडील कचेरीत जायचे आणि 'उद्या या' ऐकून परत यायचे. त्याच सिमेंटच्या वाटपाचं आणि अंतुल्यांच्या ट्रस्टला मिळालेल्या देणग्यांचं नातं मुंबई उच्च न्यायालयाने जोडलं आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. फौजदारी खटला पुढे वर्षानुवर्षं रेंगाळला, तो भाग वेगळा. पण ज्या टेबलावर परमिट मिळतं त्याच्या शेजारीच देणगीची पेटी येऊन बसते, ही गोष्ट आमच्या घरात तेव्हापासून बोलली जायची.

इलिनॉयला येऊन तेच पाहिलं. जॉर्ज रायन राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट असताना त्यांच्या खात्यातले लोक लाच घेऊन ट्रक चालवायचे परवाने देत, आणि त्यातला पैसा रायन यांच्या निवडणूक निधीत जाई. अशाच एका परवान्यावरच्या ट्रकचा तुकडा १९९४ मध्ये रस्त्यावर पडून झालेल्या अपघातात एकाच घरातली सहा मुलं गेली. पुढे गव्हर्नर झालेले रायन २००६ मध्ये दोषी ठरले, ते रिपब्लिकन. त्यांच्यानंतरचे ब्लॅगोयेविच डेमोक्रॅट; त्यांना डिसेंबर २००८ मध्ये अटक झाली आणि या जेवणाच्या आदल्याच महिन्यात एफबीआयशी खोटं बोलल्याबद्दल ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं होतं. म्हणून पेटीत पडणारा प्रत्येक चेक मी उलटून बघते.

भाषण रंगात आलेलं असताना निधी गोळा करणारा मुलगा एक लिफाफा घेऊन आला. "पुढच्या टेबलाचे," म्हणाला. टेबल एका ठेकेदाराचं होतं. काउंटीचे आणि आसपासच्या गावांचे रस्ते, गटारं करणारा माणूस. लिफाफ्यात सात वैयक्तिक चेक, प्रत्येकी २,४००. सोबत सात कार्डं: ड्रायव्हर, ऑफिस असिस्टंट, मशीन ऑपरेटर, पुन्हा ड्रायव्हर. नोकरी सगळ्यांची एकाच कंपनीत.

चेक सात बँक खात्यांचे होते, सह्याही सात वेगवेगळ्या. पण सहीच्या वरचं सगळं, म्हणजे उमेदवाराचं नाव, अक्षरी रक्कम, तारीख, एका हाताने लिहिलेलं, एकाच निळ्या-काळ्या शाईत. तारीख २७ ची होती आणि त्यातल्या सातावर मधोमध आडवी बारीक रेघ. सातही चेकांवर तश्शी. मी आत डोकावून पाहिलं. त्या टेबलावर ठेकेदार, त्याचं कुटुंब आणि दोन गावांचे अधिकारी वाटावेत असे पाहुणे बसले होते. ड्रायव्हर कुणी दिसला नाही.

चेक मी पेटीत टाकले नाहीत, वेगळ्या पाकिटात ठेवले. समितीचे खजिनदार निवृत्त बँकर होते. त्यांनी सातही चेक टेबलावर ओळीने मांडले आणि चष्मा कपाळावर चढवून पुन्हा खाली घेतला. शंका आली तर दहा दिवसांत एकतर चेक परत करायचा, किंवा भरून तीस दिवसांत खातरजमा करायची, असा नियम आहे. ते म्हणाले, "आधी विचारू, मग भरू."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कार्डांवरच्या नंबरांवर फोन लावले. मी शेजारी नोंद करत होते. दोघांनी उचलला नाही. ऑफिसातल्या बाई "मालकांना विचारा" म्हणाल्या. चौथा फोन एका ड्रायव्हरने घेतला. उमेदवाराचं नाव त्याला चटकन आठवेना. मग सरळ म्हणाला, "गेल्या आठवड्यात बोनस मिळाला. तेवढ्याच रकमेच्या चेकवर सही कर म्हणून सांगितलं, मी केली. काही चुकलं का? माझी नोकरी जाईल का?"

हा प्रश्न मी अजून विसरलेले नाही. खजिनदारांनी त्याला सांगितलं की तुमचं नाव आमच्याकडून मालकाला कळणार नाही. आणि सातही चेक एकत्रच परत पाठवले, म्हणजे कोण बोललं हे उघड होऊ नये.

दुसऱ्याच्या नावाने देणगी देणं हा अमेरिकेत गुन्हा आहे. मुंबईत जन्मलेले आणि मोठ्या सरकारवर सडकून टीका करणारे लेखक दिनेश डिसूझा यांनी २०१४ मध्ये नेमका हाच गुन्हा कबूल केला, २०१२ च्या सिनेटच्या निवडणुकीतल्या २०,००० डॉलरसाठी. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. काही लोक म्हणतात, हे कलमही सरकारचा जाचच. मी तसं मानत नाही. काकांच्या फरसाणाच्या बिलाचा फॉर्म आणि ठेकेदाराच्या चेकची चौकशी या एका तराजूत घालायच्या गोष्टी नाहीत. सरकारी कामावर जगणारा माणूस कामगारांच्या नावाआडून पैसे देतो तेव्हा त्याला सरकार लहान झालेलं नको असतं. त्याला ते आपल्या ओळखीचं हवं असतं. आणि ज्या उमेदवाराला खरोखर सरकारला लगाम घालायचा आहे, त्याने हे पैसे घेतले तर पहिला लगाम त्याच्याच तोंडात येतो.

निधी गोळा करणारा मुलगा चिडला. १६,८०० डॉलर तिमाहीच्या आकड्यातून जाणार होते. उमेदवार संध्याकाळी ऑफिसात आला, त्याने कार्डं वाचली, चेक पाहिले आणि परत पाठवा म्हणाला. रजिस्टर पोस्टाने गेले. ठेकेदाराचा फोन आला: बाकीचे सगळे घेतात, तुम्हालाच कसली अडचण? खजिनदारांनी दोन मिनिटांत फोन आवरला. त्या माणसाचा पैसा पुन्हा आला नाही.

नोव्हेंबरात रिपब्लिकनांनी ६३ जागा वाढवून प्रतिनिधिगृह जिंकलं. १०९९ चं कलम पुढच्या वर्षी खरंच गेलं. सिनेटमध्ये ८७ विरुद्ध १२, दोन्ही पक्षांच्या मतांनी, आणि १४ एप्रिल २०११ ला ओबामांनीच त्यावर सही केली. मी काकांना फोन करून सांगितलं. "झ्याक झालं," म्हणाले, आणि त्याच दमात दुकानाच्या नव्या पाटीचा परवाना नगरपालिकेत कसा अडलाय ते सांगू लागले. पाटी नियमापेक्षा चार इंच रुंद होती. गुरुवारी दुपारी आम्ही दोघं नकाशा घेऊन तिथल्या खिडकीशी गेलो.