गोळ्यांची पिशवी

रात्रपाळीला कॅज्युअल्टीत होतो. सत्तरी ओलांडलेल्या आजींना मुलगा घेऊन आला. तीन दिवस ओकाऱ्या, तोल जाणं, असंबद्ध बडबड. "डिप्रेशनच वाढलंय डॉक्टर, गोळीचा डोस वाढवून द्या." आजी चादरीवरून काहीतरी वेचत होत्या, खडे निवडावेत तसं. मी केसपेपरवर लिहिलं, 'डिप्रेशन वाढलंय? सायकियाट्री रेफरन्स.' शाई वाळायच्या आत त्यांना फिटचा झटका आला.

लोराझेपामने तो थांबला. साखर ठीक होती. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, पण मेंदूच्या वळ्यांमधल्या खाचा बुजलेल्या. सूज! तेवढ्यात लॅबचा फोन आला: सोडियम 112. ते 135 ते 145 हवं.

औषधं कोणती विचारलं की लोक 'बीपीची एक आणि एक झोपेची' एवढंच सांगतात, म्हणून मी पिशवीच मागतो. त्यात बीपीची जुनी हायड्रोक्लोरोथायझाइड आणि दोनच आठवड्यांपूर्वी सुरू झालेली डिप्रेशनची एसिटालोप्राम. दोन्ही सोडियम उतरवू शकतात. एसिटालोप्रामच्या जातीच्या गोळ्यांमुळे काही जणांत, त्यातही उतारवयात, पाणी धरून ठेवणारं एडीएच हार्मोन विनाकारण पाझरत राहतं. मग रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि पाणी मेंदूच्या पेशींत शिरतं. पेशी फुगतात, कवटी काही फुगत नाही. त्यात, तोंड कोरडं पडतं म्हणून मुलगा आईला दिवसभर पाणी पाजत होता. हे सांगताना त्याचा आवाज खाली गेला.

दोन्ही गोळ्या बंद केल्या. 3 टक्के सलाइन, म्हणजे जास्त मिठाचं, 100 मिली, दहा मिनिटांत. मग आणखी एकदा. खरी कसोटी पुढेच होती. सोडियम 24 तासांत 8 पेक्षा जास्त चढू द्यायचं नव्हतं, नाहीतर मेंदूतल्या मज्जातंतूंचं आवरणच खराब होतं. पहाटे चारला लघवीची पिशवी भराभर भरायला लागली, रंग अगदी पाण्यासारखा. एरवी लघवी सुटली की आम्ही खूश होतो. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ओकाऱ्या थांबल्यावर एडीएच उतरलं, मूत्रपिंड साठलेलं पाणी सोडत होतं आणि सोडियम उडी मारणार होतं. तपासलं, 119. म्हणजे जेमतेम 1 ची मुभा उरली होती. एडीएचसारखंच लघवी रोखणारं डेस्मोप्रेसिन दिलं, 5 टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे बिनमिठाचं साखरेचं सलाइन लावलं आणि दर दोन तासांनी रक्त काढत बसलो.

तिसऱ्या दिवशी सोडियम 127. आजींनी चष्मा मागितला. सायकियाट्रीच्या मॅडमनी कमी डोसात मिर्टाझापिन हे डिप्रेशनचं दुसरं औषध सुरू केलं आणि आठवड्याने सोडियम तपासायला सांगितलं.

"तेव्हा डोस वाढवला असता तर?" मुलाने विचारलं. माझ्या हातात तोच केसपेपर होता, वर माझी ती पहिली ओळ.