पाणी पाणीच की ओ, मॅडम

बुधवारी सकाळी प्रयोगशाळेतला शेकर, म्हणजे जिवाणू वाढवायचे फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र, उघडला आणि माझ्या पोटात गोळा आला. आठ फ्लास्कांपैकी पाच छान पोपटी-पिवळे झाले होते, उरलेल्या तिघांत नुसतं पांढरट गढूळ पाणी. अकरा वाजता टी.वाय.ची पोरं प्रात्यक्षिकाला येणार होती.

जिवाणू आमच्या ओळखीचा, करवीर तालुक्यातल्या उसाच्या सरीतल्या मातीतून वेगळा केलेला स्युडोमोनास फ्लुओरेसेन्स. लोह कमी पडलं की हा पठ्ठ्या पायोव्हर्डिन नावाचं पिवळसर हिरवं द्रव्य बाहेर सोडतो. ते लोहाला मिठी मारतं, आणि जिवाणूच्या बाहेरच्या पटलावरचं खास दार लोहासकट त्याला ओळखतं. अशा लोह गोळा करून आणणाऱ्या द्रव्यांना सिडरोफोर म्हणतात. लोह मुबलक असलं की हा उद्योग बंद, फुकटचा खर्च कोण करील?

म्हणजे त्या तीन फ्लास्कांत लोह होतं. पण आलं कुठून? रसायनं सगळ्यांना एकाच बरणीतली. वहीत पाहिलं तर शेवटचे तीन फ्लास्क डिस्टिल्ड वॉटरच्या दुसऱ्या कॅनमधून भरलेले. प्रयोगशाळेतल्या मदतनीस मामांना हाक मारली.

"त्यो कॅन संपला हुता, मी नळाचं भरून ठेवलं. पाणी पाणीच की ओ, मॅडम."

सोमवारची गोष्ट. रविवारभर बंद राहिलेल्या आमच्या जुन्या लोखंडी पाइपातून सोमवारी पहिलं पाणी लालसर येतं, हे बेसिनवर हात धुणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक. कॅनमधलं थोडं परीक्षानळीत घेतलं, हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब, मग लोह असलं की लाल होणारं पोटॅशियम थायोसायनेट. नळी डाळिंबाच्या रसासारखी झाली. मामा तरुणपणी उद्यमनगरात फाउंड्रीत होते. नळी उजेडाकडे धरून म्हणाले, "आपल्या गावात लोखंड कुठं न्हाई?" रागवायचं राहूनच गेलं.

प्रात्यक्षिक रद्द करायचं ठरवत होते, मग वाटलं की हेच दाखवावं. कॅन्टीनमधून नोटा तपासायचा दिवा मागवला, पडदे ओढले. पाच फ्लास्क निळसर हिरवे चमकले, तीन काळोखात गडप. एका परीक्षानळीत चमकणारं द्रव काढून त्यात फेरिक क्लोराइडचे, म्हणजे लोहाच्या क्षाराचे, थेंब सोडले. चमक मंदावत मंदावत गेली, रंग तांबूस झाला. "मॅडम, विझलं की!" मागच्या बाकावरून आवाज आला. लोह मिठीत आलं की पायोव्हर्डिन चमकत नाही, एवढंच.

मग याच युक्तीवर चालणाऱ्या एका प्रतिजैविक औषधाकडे वळले. शिओनोगी या जपानी कंपनीचं सेफिडेरोकॉल. अमेरिकेत त्याला नोव्हेंबर २०१९ मध्ये मान्यता मिळाली. जात सेफॅलोस्पोरिनची, म्हणजे पेनिसिलिनच्या नात्यातली, पण रेणूला कॅटेकोलची शेपटी जोडलेली. ती शेपटी लोह धरते. जिवाणूला वाटतं आपली शिदोरी आली, तो दार उघडतो आणि औषध आत घेऊन दोन पटलांमधल्या जागेत पोचवतो. तिथं ते पेशीभित्तीचं बांधकाम थांबवतं. एरवी औषधं ज्या छिद्रांतून शिरतात ती बुजवून बसलेल्या हट्टी ग्रॅम-निगेटिव्ह (असं दुसरं, बाहेरचं पटल असलेल्या) जिवाणूंसाठी हा खटाटोप. ही युक्ती मूळची माणसाचीही नाही. मातीतले काही स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू अल्बोमायसिन नावाचं प्रतिजैविक असंच लोहाच्या पाठीवर बसवून पाठवतात.

गंगावेशीतला एक पोरगा, घरी म्हशी. तो म्हणाला, "म्हशीला गुळाच्या खड्यातनं गोळी देतात तसंच की."

"तसंच. पण म्हशीचं पोट भरलेलं असेल तर?"

"मग ती गुळाला तोंड लावंल कशाला?"

मला दहा मिनिटं लागली असती ते त्यानं एका वाक्यात सांगितलं. म्हणूनच नळ्यांतल्या माध्यमात, म्हणजे जिवाणूंच्या खाद्यद्रवात, हे औषध तपासताना आधी त्यातलं लोह काढून टाकावं लागतं. नेहमीच्या माध्यमात दारं पुरती उघडत नाहीत आणि चांगलं औषध निकामी दिसू शकतं. आमच्या कॅनसारखं पाणी तिथं शिरलं तर काय होईल, याचा विचार मी घरी जाताना रंकाळ्याच्या वळणापर्यंत करत होते. आमचं बापडं प्रात्यक्षिक होतं, पुढं रुग्ण नव्हता. दारच बदलून टाकणारे जिवाणूही निघतात, पण ते पुढच्या तासाला.

पोरं गेल्यावर मामांनी कॅनवर खडूनं "नळाचं" असं लिहिलं. मग जरा घुटमळले.

"च्याला चालंल न्हवं, मॅडम?"

चाललं. दोन कप झाले.