तुम्ही विचारलंत म्हणून: पहिलं मिग मशीन कोणतं घ्यावं?

आयटीआयचा वेल्डर ट्रेड करून बाहेर पडलेली मुलं, ट्रॉली-रोटाव्हेटरची किरकोळ कामं घरीच करू पाहणारे शेतकरी, सुट्टीत काहीतरी बनवायची हौस असलेले नोकरदार, या सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : "20-25 हजारांत मिग घ्यायचंय, कोणतं घेऊ?" मिग म्हणजे रॉडऐवजी रिळावरची वायर मशीननं आपोआप पुढं सोडून करायचं वेल्डिंग, इथं कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यातल्या गॅसवरून (कार्बन डायऑक्साइड) आम्ही ज्याला सीओटू म्हणतो तेच. पाठोपाठ दुसरं वाक्य ठरलेलं : "200 अँपिअरचं बघून ठेवलंय."

अँपिअरचा आकडा शेवटी बघा. आधी वायर कशी सरकते ते बघा.

रॉडच्या वेल्डिंगमध्ये रॉड किती वेगानं खाली न्यायचा हे आपला हात ठरवतो. मिगमध्ये ते काम मशीन करतं. मशीन व्होल्टेज धरून ठेवतं आणि वायरचा वेग वाढवाल तसा करंट वाढतो. त्यामुळे वायर क्षणभर अडखळली तरी आर्क (वायर आणि लोखंड यांच्यामधली पेटती ठिणगी) अडखळतो, छर्रे उडतात, टाका वर बसतो, आत उतरत नाही. मुरलेल्या कारागिराला लगेच कळतं की दोष फीडरचा, म्हणजे वायर ढकलणाऱ्या यंत्रणेचा आहे. नवशिक्याला वाटतं आपला हातच वाईट. चांगल्या हाताची पोरं अशा मशीनपायी वेल्डिंग सोडून जाताना बघितलीत, म्हणून हे इतक्या तळमळीनं सांगतोय.

तेव्हा दुकानात मशीनचं बाजूचं झाकण उघडायला लावा. फीडरची बॉडी धातूची आहे का, रोलरवरचा दाब कमी-जास्त करता येतो का, रोलरची खाच 0.8 मिमी वायरची आहे का, ते बघा. मग टॉर्च (हातात धरायची वेल्डिंगची बंदूक) लाकडाच्या तुकड्यासमोर तिरकी धरून नुसती वायर सोडा. ती एका लयीत गोल वळत बाहेर यायला हवी. वायर अडवल्यावर रोलर घसरला तर ठीक. आत वायरचा गुंता झाला तर दाब किंवा लायनर (टॉर्चच्या केबलमधली, वायर सरकते ती नळी) तपासायला सांगा, आणि तरीही गुंता होत असेल तर ते मशीन घेऊ नका. टॉर्च युरो कनेक्टरची (काढता-लावता येणाऱ्या ठरावीक मापाच्या जोडाची) असेल तर उत्तम, कारण टिप, नोझल, लायनर कुठंही मिळतात. मशीनलाच कायमची जोडलेली टॉर्च मी टाळायला सांगतो.

आता अँपिअर. 200 अँपिअरला आर्कवर साधारण 24 व्होल्ट लागतात, म्हणजे जवळपास 5 किलोवॅट नुसते आर्कवर. घरातल्या 16 अँपिअरच्या सॉकेटमधून एवढी वीज येणारच नाही, एमसीबी पडेल. त्या सॉकेटवर 100-120 अँपिअर मिळाले तरी खूप, आणि तेवढ्यात 0.8 वायरनं 2-3 मिमीचं काम छान होतं. गेट, ग्रिल, 16 गेजचा स्क्वेअर पाइप याहून जास्त मागत नाही. खरा आकडा ड्यूटी सायकलचा. 60 टक्के म्हणजे 10 मिनिटांत 6 मिनिटं वेल्डिंग, 4 मिनिटं विश्रांती. तो किती अँपिअरला आणि किती तापमानाला दिलाय ते विचारा. 40 अंशांना दिलेला असेल तरच आपल्या उन्हाळ्यात त्याला अर्थ आहे. गावाकडे पंप चालू झाले की व्होल्टेज खाली येतं, तर मशीन किती व्होल्टेजपर्यंत तग धरतं हेही प्लेटवर वाचून घ्या. एक्स्टेन्शन लांब असेल तर 4 चौरस मिमीची तांब्याची केबल वापरा.

गॅस की बिनगॅस? दोन्ही चालणारं घ्या, आणि पोलॅरिटी बदलायची सोय आहे याची खात्री करा. गॅसवरच्या साध्या वायरला टॉर्च पॉझिटिव्हवर लागते, बिनगॅसच्या फ्लक्स-कोर वायरला (हिच्या पोटात गॅसचं काम करणारी पूड असते) निगेटिव्हवर. शेडमध्ये सीओटू सिलिंडर लावा. टाका साफ येतो आणि शिकताना चूक डोळ्यांना दिसते. शेतात वारा गॅस उडवून नेतो, तिथं फ्लक्स-कोर किंवा सरळ रॉड. गंजलेल्या नांगराला तर मी रॉडच लावतो, म्हणून रॉडचा होल्डरही जोडता येईल असं मशीन शेतकऱ्यांना सुचवतो.

कंपनीचं नाव विचारता, तर ज्याचा दुरुस्तीवाला तुमच्या तालुक्यात आहे ते. बोर्ड जळाल्यावर मशीन दुसऱ्या राज्यात कुरियरनं पाठवावं लागत असेल, तर वाचलेले 3 हजार कुठं गेले ते कळतही नाही.

बजेटमधले काही पैसे ऑटो-डार्कनिंग हेल्मेटसाठी बाजूला काढा, आर्क पेटताच काच आपोआप 10-11 शेडची (शेड म्हणजे काळेपणाचा नंबर) होईल असं. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपवर सराव करू नका. जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. करावंच लागलं तर जस्त घासून काढा आणि उघड्यावर बसा.

वायर 5 किलोच्या रिळाची घ्या, 1 किलोची महाग पडते. आणि पावसाळ्यात काम संपलं की रीळ काढून पिशवीत बांधून ठेवा. गंजलेली वायर लायनर खाते, आणि मग कितीही चांगला फीडर असला तरी ती अडखळतेच.